तलफ आली की फेरफटका मारा म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत धूम्रपान सोडण्याविषयी आलेला लेख वाचला. माहिती बरोबर होती आणि उगाच भीती घालण्याचा सूरही नव्हता. पण सोबतच्या चौकटीतले उपाय वाचताना मला हसू आवरेना. तलफ आली की उठून फेरफटका मारा. जिना चढ-उतार करा. हात कशात तरी गुंतवून ठेवा. कुणी सिगारेट पेटवली की तिथून निघून जा. यातलं एकही मला जमत नाही. उंचावरून पडून मानेच्या मणक्याला सी-सिक्स पातळीवर दुखापत झाली, तेव्हापासून मी व्हीलचेअरवर आहे. खांदे हलतात, कोपर वाकतं, मनगट वर उचलता येतं. बोटं मिटत नाहीत आणि छातीच्या खाली ना हालचाल आहे ना संवेदना. हे पत्रही तळहाताला पट्ट्यानं बांधलेल्या काडीनं एकेक कळ दाबत लिहितो आहे.

सिगारेट मात्र मी सोडली आहे, आणि तिला आता बराच काळ लोटला. ती सोडताना जे जे कळत गेलं, ते मला कुठल्याच पुरवणीतल्या कुठल्याच चौकटीत सापडलं नव्हतं. म्हणून हा खटाटोप.

व्हीलचेअरवरच्या माणसाच्या ओठांत सिगारेट दिसली की लोक दचकतात. दचकण्यासारखं त्यात काही नाही. जिथं याची वेगळी नोंद ठेवली जाते तिथं, उदाहरणार्थ अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य यंत्रणेच्या पाहण्यांत, अपंग प्रौढांमध्ये धूम्रपानाचं प्रमाण इतरांपेक्षा जास्तच आढळत आलं आहे. कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. दुखणं पाठ सोडत नाही. दिवस सरता सरत नाही. पुनर्वसन केंद्राच्या व्हरांड्यात ओळखी होतात त्या सिगारेटच्या निमित्तानंच. तिथं संध्याकाळी जमणारा घोळका हा केंद्रातला एकमेव असा कार्यक्रम होता, जो कुणी आमच्यासाठी आखलेला नव्हता.

आणि आणखी एक कारण आहे. आम्हाला कुणी सोडायला सांगतच नाही.

दुखापतीनंतर कितीतरी डॉक्टर झाले. माझ्या लघवीची, शौचाची, झोपेची इतकी बारकाईनं चौकशी झाली की लाजच संपली. सिगारेटचं काय? केसपेपरवर ‘धूम्रपान : होय’ एवढं लिहायचं आणि पान उलटायचं. नातेवाईक तर विचारूच नका. बायकोनं एकदा विषय काढला, तेव्हा घरातल्या एका वडीलधाऱ्या बाई तिला म्हणाल्या, “राहू दे गं, त्याला तेवढाच विरंगुळा. आता तेवढंही काढून घेणार का त्याच्याकडून?” मी समोरच बसलेलो होतो. बोलणं माझ्या डोक्यावरून चाललं होतं, अक्षरशः, कारण खुर्चीतल्या माणसाच्या डोक्यावरूनच सगळी बोलणी होतात.

या वाक्यात माया आहे, नाही असं नाही. पण मायेखाली एक हिशेबही दडलेला आहे. हा आता जगणार किती, आणि जगून करणार काय? मग फुफ्फुसं जपून कुणाचं भलं होणार आहे? ज्याच्याकडून काही अपेक्षाच उरलेली नसते त्याचेच एवढे लाड होतात.

त्या व्हरांड्यात माझ्या शेजारी एक गृहस्थ बसत. त्यांचा एक पाय गुडघ्याखाली काढलेला होता. अपघात नाही, मधुमेह नाही. त्यांना बर्जर्स डिसीज होता. लिओ बर्जर या डॉक्टरनं १९०८ मध्ये ज्याचं सविस्तर वर्णन केलं तो हा विकार हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद पाडतो. तंबाखूशिवाय तो जवळजवळ होतच नाही, आणि तंबाखू पूर्णपणे सोडणं हाच तो थांबवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. गृहस्थांना हे सगळं पाठ होतं. दुसऱ्या पायाची बोटं काळवंडू लागली होती आणि विडी चालूच होती. त्यांचे घरचे काय म्हणत असतील? “एक पाय तर गेलाच, आता विडी तरी ओढू दे.” सिगारेटनं पाय नेला, आणि पाय गेला म्हणून सिगारेट माफ!

खरं तर धुराचं नुकसान आमच्या अंगाला जास्तच भोवतं. ते कसं, हे मला पुष्कळ उशिरा कुणीतरी नीट उलगडून सांगितलं. दिवसभर बसून असणाऱ्याचा सगळा भार बसण्याच्या दोन हाडांवर येतो. त्या हाडांखालची कातडी आणि स्नायू दाबले जातात, तिथला रक्तपुरवठा आधीच कमी. निकोटिननं त्वचेकडच्या बारीक रक्तवाहिन्या आणखी आकसतात. वर धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीनं चिकटतो, म्हणजे जे थोडं रक्त तिथवर पोहोचतं तेही अर्धपोटीच. मग बेडसोर होतो, आणि झाला की भरत नाही. छातीचं म्हणाल तर माझ्यासारख्याच्या श्वासाचा सगळा भार एकट्या श्वासपटलावर असतो. खोकायला पोटाचे स्नायू लागतात, ते माझे चालत नाहीत. धूर कफ वाढवतो आणि तो कफ बाहेर काढायची ताकद माझ्यात नाही. मणक्याच्या दुखापतीनंतर माणसं दगावतात त्या कारणांत न्यूमोनियासारखे श्वसनाचे आजार अगदी वर आहेत. मूत्राशयाच्या कर्करोगाचं सर्वांत मोठं कारण धूम्रपान, आणि वर्षानुवर्षं कॅथेटर (लघवीची नळी) आत ठेवावा लागणाऱ्यांना हा धोका मुळातच अधिक. निकामी पायांची हाडं आधीच ठिसूळ झालेली असतात, धूर ती आणखी पोखरतो.

आणि आग. ही गोष्ट चालत्या माणसाच्या डोक्यात येत नाही. एकदा सिगारेट माझ्या बोटांतून निसटली आणि मांडी व गादीच्या मधल्या फटीत जाऊन पडली. मला काही कळलं नाही. खिडकीतून पाहत बसलो होतो. आधी वास आला. वाटलं, बाहेर कुणीतरी कचरा पेटवला असेल. मग विजारीतून धूर वर येताना दिसला. मनगटानं ढकलून ती काढायला गेलो तर आणखी आत गेली. बायको धावत येईपर्यंत मी माझ्याच मांडीकडे पाहत होतो, आणि दुखत काहीही नव्हतं. रुपयाएवढा डाग. चालत्या माणसाला तो आठवडाभरात भरला असता, माझा चिघळत राहिला.

बोटं मिटत नाहीत म्हटल्यावर लायटर पेटणार कसा, हा प्रश्न कुणालाही पडेल. मनगट वर उचललं की माझी बोटं आपोआप थोडी आत वळतात, त्या फटीत सिगारेट धरता येते. पेटवायला मात्र दुसरा हात लागतो. बायको लायटर धरायची. तिनं जन्मात कधी सिगारेटला हात लावला नव्हता. माझ्यामुळे तिला वाऱ्याच्या कोणत्या बाजूला उभं राहिलं की ज्योत टिकते ते कळायला लागलं. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक गोष्टींची वेळ दुसरं कुणीतरी ठरवतं. उठायचं कधी, अंघोळ कधी, कूस कधी बदलायची. ‘आता ओढायची’ एवढं एकच मी ठरवत होतो, निदान तसं वाटत तरी होतं. निकोटिनपेक्षा ही गाठ सोडवणं जास्त कठीण गेलं.

म्हणूनच धाकट्या भावानं एके दिवशी जे केलं ते फसलं. तो चार दिवस राहायला आला होता. सकाळी म्हणाला, “दादा, आजपासून कुणी पेटवून देणार नाही.” माझ्या भल्यासाठीच. पाकीट त्यानं कपाटावर ठेवलं, मला दिसेल असं आणि हात पोहोचणार नाही असं. तुमच्या हातात लायटर असता तर तुमची समजूत घालायला लागली असती. मला फक्त अडवलं गेलं. जोवर तो होता तोवर मी ओढली नाही, आणि तो गेला त्याच संध्याकाळी भेटायला आलेल्या मित्राकडून पेटवून घेतली. हट्टानं. घरोघरी काळजी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. अपंग माणसाची सिगारेट बंद करणं फार सोपं असतं, आणि म्हणूनच त्याला काही अर्थ नसतो.

शेवटी माझ्याशी सरळ बोलले ते एक सर्जन. बसण्याच्या हाडापाशी मला खोल बेडसोर झाला होता. शेजारचा स्नायू आणि कातडी सरकवून तो खड्डा बुजवायचा, म्हणजे फ्लॅप सर्जरी करायची, असं ठरलं. सर्जननी स्टूल ओढलं, माझ्या उंचीला बसले आणि म्हणाले, “तुम्ही ओढत राहिलात तर मी लावलेली कातडी जगणार नाही. आधी निदान चार आठवडे बंद आणि नंतरही बंद. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी तुमचा वेळ घालवत नाही.” बायकोकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला राग आला. त्या रागात थोडा आनंदही होता, कारण माझ्याकडून काहीतरी मागणारा हा पहिला डॉक्टर होता.

त्यांनी ज्या समुपदेशन केंद्राची चिठ्ठी दिली, त्याच्या दाराशी पायऱ्या. रॅम्प नाही, लिफ्ट नाही. समुपदेशक भले गृहस्थ, ते खाली आले आणि वाहनांच्या रांगेत माझ्या खुर्चीपाशी उभ्यानंच त्यांनी फॉर्म भरला. त्यात सहा प्रश्नांची फागरस्ट्रॉम चाचणी होती. निकोटिनचं अवलंबित्व मोजायला ती जगभर वापरतात, तिचं आजचं रूप १९९१ चं. पहिला प्रश्न : उठल्यावर किती वेळानं पहिली सिगारेट ओढता? पाच मिनिटांच्या आत असेल तर तीन गुण, तासाभरानंतर असेल तर शून्य. मी म्हटलं, मदतनीस येऊन, माझं सगळं आवरून, मला खुर्चीत बसवल्यावर. म्हणजे किती वेळानं? दोन तास तरी. शून्य. दिवसाला किती? पेटवून देणारा हात मिळेल तितक्या, दहाच्या आतच. पुन्हा शून्य. शेवटचा प्रश्न : आजारपणामुळे दिवसाचा बहुतेक वेळ अंथरुणात असताना सुद्धा ओढता का? मी म्हटलं, साहेब, मी आजारी नाही, पण अंथरुणात मात्र असतो. त्यांचं पेन थबकलं. आम्ही दोघेही हसलो आणि त्यांनी ‘होय’वर खूण केली.

बेरीज झाली आणि निष्कर्ष निघाला : अवलंबित्व कमी. माझे डोळे उघडल्यापासून जीव टांगणीला लागलेला असे, पण चाचणीनं मोजली ती तलफ नव्हे, माझ्याकडे असलेल्या मदतीच्या हातांची संख्या मोजली. मोजक्याच सिगारेटी मिळणारा माणूस प्रत्येक झुरका खोल ओढतो आणि धूर आत धरून ठेवतो, हे तंबाखूच्या अभ्यासकांना चांगलं माहीत आहे. फॉर्मवर त्याला रकाना नाही. कातडीवर चिकटवायच्या निकोटिन पॅचची मात्राही दिवसाला किती ओढता यावरूनच ठरते. दहाच्या वर असेल तर साधारण २१ मिलिग्रॅमपासून सुरुवात, कमी असेल तर १४ पासून. मला १४ चा मिळाला. त्यानं भागेना, तेव्हा डॉक्टरांनी पूर्ण हकीकत ऐकून तो वाढवला आणि सोबत निकोटिन गम दिला. पॅच दिवसभर संथपणे निकोटिन पुरवतो आणि अचानक उसळणाऱ्या तलफेला गम किंवा चघळायची गोळी लागते. ही जोडी एकट्या पॅचपेक्षा चांगली लागू पडते. जागतिक आरोग्य संघटनेनं जुलै २०२४ मध्ये प्रौढांना तंबाखू सोडवण्याच्या उपचारांबद्दल पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही ती आहे.

आता या वस्तू माझ्यासारख्यानं वापरायच्या कशा, ते कुणी लिहीत नाही. पॅचचं पाकीट कात्रीनं कापायला लागतं, मागचा कागद नखानं सोलायला लागतो. दोन्ही मला अशक्य. सकाळचं आवरताना मदतनीस तो लावायचा. कुठं लावायचा यालाही महत्त्व आहे. मी खांद्याच्या बाहेरच्या बाजूला लावायचो, रोज बाजू बदलून, कारण तिथं मला कळतं. संवेदना नसलेल्या कातडीवर लावला आणि पुरळ उठली, तर समजणार कसं? गम मुलांच्या हाती लागू नये म्हणून अशा पाकिटात येतो की माझ्या हातीही लागत नाही. दिवसाचे तुकडे सकाळीच काढून टेबलावरच्या डबीत ठेवून घ्यायचो. तो साध्या च्युइंगगमसारखा चावत सुटायचा नसतो. हळूहळू चावायचा, जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. आधी पाव तास आणि तोंडात असताना चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. आणि ज्याला खोकता येत नाही त्यानं तो आडवं पडून मुळीच चघळू नये. घशात अडकला तर बाहेर कसा काढणार? गिळायला त्रास असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

भावाच्या बंदीचा अनुभव जमेस धरून या वेळी नियम मीच सांगितले. घरातल्या सगळ्यांना समोर बसवलं. मी सिगारेट मागितली तर ‘नाही’ म्हणायचं नाही. ‘दहा मिनिटांनी विचारतो’ म्हणायचं. दहा मिनिटांनी खरंच येऊन विचारायचं, विसरायचं नाही, टाळायचं नाही. तरीही मी हो म्हटलं तर मुकाट्यानं पेटवून द्यायची आणि चेहरा पाडायचा नाही. बायकोला हे पटलं नव्हतं. “अहो, म्हणजे आम्हीच द्यायची?” हो, तुम्हीच द्यायची. तलफेचा जोर काही मिनिटांत ओसरतो हे तोवर मी वाचलं होतं. मला खात्री हवी होती ती ओसरेपर्यंत निर्णय माझ्याच हातात राहण्याची. सुरुवातीच्या दिवसांत काही वेळा मागितली, आणि तिनं दिलीही. पुढे पुढे ती दहा मिनिटांनी विचारायला यायची तेव्हा माझंच मागणं मी विसरलेला असायचो.

त्या मिनिटांत करायचं काय? फेरफटक्याऐवजी मला माझं एक सापडलं. बेडसोर टाळायला आम्हाला दर थोड्या वेळानं भार बदलायचा असतो. पुढे किंवा एका बाजूला झुकून दोन-दोन मिनिटं थांबायचं, म्हणजे दाबलेल्या जागी रक्त फिरतं. कंटाळवाणं काम, सगळेच टाळतात. मी तलफेला ते जोडून टाकलं. तलफ आली की डावीकडे झुकायचं, मग उजवीकडे, मग टेबलावर छाती टेकून पुढे. होता होता तलफ उतरते आणि कातडीचंही भलं होतं. दुसरं म्हणजे श्वास. माझ्या लक्षात आलं की दिवसभरात मी खोल श्वास घेत होतो तो फक्त सिगारेट ओढताना. फिजिओथेरपिस्टनं दिलेलं तीन चेंडूंचं स्पायरोमीटर धूळ खात पडलं होतं, ते टेबलावर मांडलं. नळी तोंडात धरून खोल श्वास ओढला की चेंडू वर चढतात. सिगारेटच्या वेळा त्याला दिल्या. यात मौज नाही, पण तिसरा चेंडू हलतो तेव्हा बरं वाटतं.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ती गोष्ट, औषधांची. सोडून काही दिवस झाले आणि मला सकाळी खुर्चीत बसवलं की डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. दिवसभर गुंगी, जीभ जड. सगळे म्हणाले, सिगारेट सोडल्याचा त्रास आहे, होईल कमी. पुनर्वसनाच्या डॉक्टरांनी मात्र गोळ्यांची यादी मागवली. पाय ताठरतात, झटके येतात म्हणून मी टिझानिडिन घेतो. यकृतातलं सीवायपी-वन-ए-टू नावाचं एन्झाइम हे औषध मोडतं, आणि सिगारेटच्या धुरामुळे ते एन्झाइम जास्त जोरात चालतं. धूर बंद झाला की त्याचा वेग उतरतो आणि तीच गोळी, तेवढीच मात्रा, अंगावर जास्त येते. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही. पॅच लावलेला असला तरी फरक पडतोच. दम्यावरचं थिओफिलिन, मानसिक आजारांवरची क्लोझापिन आणि ओलान्झापिन या औषधांचंही असंच होतं. कॅफिनचंही, त्यामुळे नेहमीचाच चहा किंवा कॉफी जड होऊन धडधड आणि झोपमोड होते आणि खापर सिगारेट सोडण्यावर फुटतं. रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन घेणाऱ्यांनीही या काळात रक्ततपासणी चुकवू नये. यावर उपाय पुन्हा ओढणं हा नाही आणि गोळी मनानं बंद करणं हाही नाही; टिझानिडिन एकदम थांबवलं तर रक्तदाब उसळू शकतो. सोडायच्या आधीच सगळी यादी डॉक्टरांपुढे ठेवायची. माझी मात्रा त्यांनी उतरवली आणि अंधारी थांबली. सिगारेट सोडवण्याच्या गोळ्यांपैकी बुप्रोपिऑन ज्यांना फिट्स येतात त्यांना चालत नाही, आणि डोक्याला मार लागलेल्यांच्या बाबतीत फार जपून विचार करावा लागतो. आमच्यात अशी माणसं थोडी नाहीत.

इतर त्रास लेखांत एका ओळीत उरकलेले असतात, आमच्याकडे ते ओळीत मावत नाहीत. बद्धकोष्ठ होतं, असं लिहितात. टी-सिक्सच्या, म्हणजे छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर दुखापत असलेल्याचं पोट तुंबलं तर रक्तदाब धोकादायकरीत्या चढू शकतो, डोकं ठणकतं, घाम फुटतो. ती तातडीनं धावपळ करण्याची वेळ असते. म्हणून शौचाचं वेळापत्रक आणि औषधं आधीच बघून ठेवावीत. सुरुवातीला खोकला वाढू शकतो, असंही लिहितात. ज्याला स्वतः खोकता येत नाही त्याच्या बरगड्यांखाली हात ठेवून, श्वास सोडताना आत-वर दाबणारं माणूस जवळ हवं. ते तंत्र शिकून घ्यावं लागतं. वजनाचं तर काय, वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतं म्हणतात. चालणाऱ्याला पट्ट्याचं एखादं भोक वाढवावं लागत असेल. मला पलंगावरून खुर्चीत घेणाऱ्या बायकोच्या कमरेला ते किलो कळतात. आहार मी पहिल्याच आठवड्यात उतरवला, आणि सगळ्यांत जास्त चिडचिड झाली ती त्यापायी.

शस्त्रक्रिया झाली. कातडी जगली. पालथं पडून काढलेल्या त्या दिवसांबद्दल न लिहिलेलंच बरं.

संपादक महोदय, आता आपल्याकडून काय हवं ते सांगतो. दरवर्षी ३१ मे रोजी तंबाखूविरोधी दिनाला आपण काळ्या फुफ्फुसांचं चित्र छापता. ३ डिसेंबरला अपंग दिनाच्या पानावर जिद्दीच्या कहाण्या असतात. ही दोन पानं एकमेकांना कधी भेटत नाहीत. उलट ३१ मेच्या पानावर आम्ही असतो ते भीती दाखवण्यापुरते. कापलेला पाय, रिकामी व्हीलचेअर, ‘तुमचंही असंच होईल’. त्या चित्रातल्या खुर्चीत मी रोज बसतो, माझं बरं चाललं आहे. ते चित्र पाहून सिगारेट सोडावी असं मला एकदाही वाटलं नाही; तंबाखूविरोधी मंडळींना मी माणूस म्हणून नको आहे, एवढंच त्यातून कळलं.

संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराचं (डिसेंबर २००६) पंचविसावं कलम म्हणतं की, अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव न करता शक्य तितक्या उत्तम आरोग्याचा हक्क आम्हाला आहे. तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार २००५ पासून लागू आहे, त्याचं चौदावं कलम तंबाखू सोडू पाहणाऱ्यांना मदत देण्याबद्दलच आहे. दोन्ही कलमं एकत्र वाचायला कायद्याची पदवी लागत नाही. सोडायची असेल तर केंद्राच्या दारात पोहोचता आलं पाहिजे. पोहोचता येत नसेल तर फोनवर समुपदेशन हवं, आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांना लिहून बोलायची सोय हवी. फॉर्मवर ‘पेटवायला दुसऱ्याची मदत लागते का?’ एवढा एक प्रश्न वाढवला, तर माझ्यासारख्याचा पॅच पहिल्याच दिवशी बरोबर ठरेल. आणि मणक्याच्या, पोलिओच्या, पक्षाघाताच्या रुग्णांच्या दवाखान्यात ‘होय’ असं लिहिल्यावर पान उलटण्याआधी कुणीतरी ‘सोडायची आहे का?’ असं विचारलं पाहिजे. आमच्याकडे बघून, सोबतच्या माणसाकडे नव्हे.

पत्र फारच लांबलं आहे. काटछाट करावी लागली तर माझा भाऊ, ते व्हरांड्यातले गृहस्थ, विजारीचा धूर, सगळं कापा. औषधांचा परिच्छेद तेवढा पूर्ण छापा, आणि छापण्याआधी एखाद्या डॉक्टरांना दाखवून घ्या.

आपला,
एक नियमित वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती)